डॉक्टर व्हायला गेलेल्या रमाबाई

खंडाळा ते पुणे हा रेल्वेमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. बोरघाटातले काम तेव्हा अजून चालू होते. ते पुरे होऊन मुंबईहून पुण्यापर्यंत सलग गाडी यायला १८६३ साल उजाडले. आपल्या कान्ह्याच्या भातखाचरांच्या कडेने पहिली आगगाडी धावली त्याच वर्षी, २३ एप्रिलला, इथून दूर दक्षिणेला, पण याच सह्याद्रीत, गंगामूळच्या जंगलात एका मुलीचा जन्म झाला. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई यांची ही धाकटी मुलगी रमा. पुढे तिच्या आयुष्याची मोठी वळणे याच लोहमार्गावर आली: पुणे, मुंबई, पुन्हा पुणे आणि शेवटी दौंडच्या वाटेवरचे केडगाव.

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहायचे ठरले तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सांगितले. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन-तीन ओळी होत्या. शारदा सदन, मुक्ती सदन, विधवांसाठी कार्य. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात त्या हमखास यायच्या आणि एक गुण देऊन जायच्या. त्या ओळींमध्ये १८८३ ते १८८९ ही सहा वर्षे मात्र नव्हती. त्या काळात रमाबाई परदेशात होत्या, विद्यार्थिनी होत्या आणि तिथेच त्या ख्रिस्ती झाल्या. त्यांनी पुढे जे काही केले त्याचे मूळ या सहा वर्षांत आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. संगणकाच्या क्षेत्रात वीस-बावीस वर्षे नोकरी करणारी इंजिनिअर आहे. पण आपल्या वर्गातले काही जण आज परदेशात आहेत, कितीतरी जणांची मुले जायच्या तयारीत आहेत. फी, व्हिसा, विद्यापीठाचा क्रमांक हे सगळे आपण बारकाईने विचारतो. तिथे गेलेल्या माणसाचे आतून काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही. म्हणून ही सहा वर्षे आपल्यासमोर मांडावीशी वाटली.

रमाबाईंचे स्वतःचे शिक्षण घरात झाले, असे म्हणायचीही सोय नाही. ते वाटेवर झाले. अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले. बाईला देवभाषा शिकवतो म्हणून पंडितांशी वाद झाला आणि ते बायकोला घेऊन जंगलात जाऊन राहिले. पुढे पैसा संपला, ते घरही सुटले. रमा तान्ही असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते पुन्हा घर करून राहिलेच नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचे आणि श्रोते देतील त्या दक्षिणेवर दिवस काढायचे, असा त्यांचा संसार. आईने पहाटे उठवून रमाला श्लोक पाठ करून घेतले. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत होते, असे सांगतात. १८७४ मध्ये अन्नान्नदशा होऊन काही आठवड्यांच्या अंतराने आधी वडील गेले, मग आई. पुढच्या वर्षी मोठी बहीण गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास आणि सोळा-सतरा वर्षांची रमा असे दोघे पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

कलकत्त्याच्या पंडितांनी या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा दोन पदव्या दिल्या. तिथेच केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेद ठेवले. बाईने वेद वाचू नयेत हे तिला लहानपणापासून शिकवलेले होते, तरी तिने ते वाचले, धर्मशास्त्रेही वाचली. शास्त्रे एकमेकांशी कशावरच जुळत नाहीत, पण बाई आणि शूद्र यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे, असे तिच्या ध्यानात आले. ज्या ज्ञानासाठी तिला मान मिळत होता, त्याच ज्ञानाने तिला दाराबाहेर उभे केले होते. परदेशात जाण्याच्या पाच वर्षे आधी ही ठेच तिला लागलेली होती. पुढचे सारे समजून घ्यायला ती लक्षात ठेवावी लागते.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोघे आसामकडच्या सिलचरला राहिले. तिथे घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले. एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी ते समजूनही घेतले, पण पतीला ते आवडेना. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे संपलेले, पदरात दहा महिन्यांची मुलगी, आणि समाजाच्या लेखी आता विधवा. या अवस्थेत त्या पुण्याला आल्या.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. त्या साक्षीत त्यांचे म्हणणे साधे होते: मुलींना शिकवायला बायका हव्यात आणि बायकांना तपासायला डॉक्टरीणबाई हव्यात, कारण पुरुष डॉक्टरला दाखवण्याच्या लाजेने बायका मरतात. मग त्यांनी हे काम स्वतःच अंगावर घ्यायचे ठरवले. इंग्लंडला जायचे आणि डॉक्टर होऊन यायचे.

पुण्यात त्यांची ओळख वाँटेजच्या सिस्टरांशी झाली होती. सेंट मेरीच्या नावाने चालणारा हा जोगिणींचा संघ मूळचा ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावचा आणि त्यांचे एक घर पुण्यात होते. फादर नेहेम्या गोरे यांच्याशीही बोलणे होई. हे गोरे म्हणजे काशीला वाढलेले नीळकंठशास्त्री, चित्पावन घरातून ख्रिस्ती झालेले मोठे पंडित. तरीही निघताना रमाबाईंनी स्पष्ट सांगितले होते की, आपण शिकायला चाललो आहोत, धर्म बदलायला नाही. पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्चाला हातभार लागला. वाँटेजला राहण्या-जेवण्याच्या बदल्यात, हिंदुस्थानात जायच्या तयारीत असलेल्या सिस्टरांना मराठी शिकवायचे असा करार झाला. फुकटचे खायचे नाही, हा त्यांचा कटाक्ष पहिल्यापासून होता.

१८८३ च्या वसंतात त्या दोन वर्षांच्या मनोरमाला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन निघाल्या. पुण्याहून मुंबईच्या बंदराकडे जायची आगगाडी तेव्हाही वडगाव, कामशेत, लोणावळा अशी आपल्याच शिवारातून जात होती.

इंग्लंडला पोहोचल्यावर पहिला घाव बसला तो डॉक्टरकीवर. रमाबाईंना कमी ऐकू येत होते, आणि हा दोष वैद्यकीय शिक्षणाच्या आड आला. ज्यासाठी सातासमुद्रापार आल्या तेच दार बंद झाले. त्यापाठोपाठ आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आपले जीवन संपवले. परका देश, परकी भाषा, धर्म बदलावा लागेल ही धास्ती, याने त्यांचे मन ढळले होते. ज्या मैत्रिणीच्या सोबतीवर आपण आलो तिचे असे व्हावे, हे रमाबाईंनी कसे सोसले असेल कोण जाणे. शिकायला परदेशी गेलेल्या मुलांच्या अशा बातम्या आजही येतात. तेव्हा तर घरी पत्र जायलाच तीन-चार आठवडे लागत.

याच महिन्यांत हवापालटासाठी सिस्टरांनी त्यांना लंडनला पाठवले. तिथे फुलहॅम भागात एक आश्रम होता. समाजाने वाईट चालीच्या ठरवून टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, त्यांची सेवा करत, त्यांना कामधंदा शिकवत. रमाबाईंनी तिथे अशा बायका पाहिल्या ज्या एकेकाळी रस्त्यावर होत्या आणि आता स्वतः दुसऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. आपल्याकडे अशा बाईला घर नसते, गाव नसते, आणि शास्त्रात तिच्यासाठी शिक्षेखेरीज काही नसते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. या लोकांना हे करावेसे का वाटते, असे त्यांनी आपल्याला धर्म शिकवणाऱ्या सिस्टरला विचारले. तेव्हा सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली बाई. परक्या जमातीची, पाच नवरे झालेली आणि सध्या ज्याच्याकडे आहे तोही नवरा नसलेली. येशू तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिच्याशी देवाविषयी बोलत बसतो.

पाणवठा आणि त्यावरची शिवाशीव म्हणजे काय, हे मावळातल्या कोणत्याही जुन्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. रमाबाईंनाही लागले नाही. शास्त्रांनी ज्या दाराबाहेर उभे केले होते ते दार इथे उघडे होते, आणि ते पंडितेसाठी नव्हे, तर सगळ्यात खालच्या बाईसाठी आधी उघडले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. ज्यांनी डोक्यावर घेतले होते त्यांनीच विश्वासघात म्हटले. रमाबाई भोळी होती, फसवली गेली, असेही म्हटले गेले. वेद आणि धर्मशास्त्रे मुळातून वाचलेल्या बाईला भोळी ठरवणे हे तिला वाईट ठरवण्यापेक्षाही सोपे असावे. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी काढलेल्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंच्या निर्णयाची पाठराखण केली आहे.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. इंग्लंडात तेव्हा बायकांचे उच्च शिक्षण नुकते कुठे मार्गी लागत होते. ऑक्सफर्डने बायकांना पदवी द्यायला १९२० साल उजाडले, केंब्रिजने तर १९४८. अशा काळात डोरोथिया बील या बाई चेल्टनहॅमच्या प्रमुख होत्या, आणि पुढे ऑक्सफर्डचे सेंट हिल्डाज कॉलेजही त्यांनीच काढले. त्यांच्या हाताखाली रमाबाई गणित, शास्त्र, इंग्रजी साहित्य शिकल्या आणि तिथल्या मुलींना संस्कृत शिकवू लागल्या. एकाच इमारतीत एका तासाला विद्यार्थिनी आणि दुसऱ्या तासाला शिक्षिका.

धर्म घेतला म्हणजे प्रश्न मिटले, असे झाले नाही. उलट खरे प्रश्न तिथे सुरू झाले. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून झालेला वाद आज पुस्तकरूपाने वाचायला मिळतो, आणि वाचताना आपण एका वादपटूच्या मुलीचा वाद ऐकतो आहोत हे कळते. देव एक की तीन, या सिद्धांतावर त्या अडून बसल्या. पुस्तकात दिसत नाही ते मी का मानू, असे त्यांचे म्हणणे. शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि तो सोडत नाही म्हणून तुमच्यात जातीचा अभिमान शिल्लक आहे, हा आरोपही मान्य केला नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती संस्कृतात का नकोत, लॅटिन तेवढे पवित्र आणि संस्कृत नाही असे कोणी ठरवले, असा त्यांचा सवाल होता. मनोरमेला काय शिकवायचे यावरूनही ओढाताण झाली. आई असताना मुलीचा धर्म दुसऱ्या कोणी ठरवायचा, हे त्यांना मंजूर नव्हते.

एकदा त्यांनी मुलांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. तरुण हिंदू विधवेने पुरुषांपुढे उभे राहिले तर मायदेशी तिची पत जाईल, असे त्यांना वाटले. रमाबाईंनी कळवले की, आपण बापाच्या आणि भावाच्या संमतीने वर्षानुवर्षे पुरुषांच्या सभेत बोलत आलो आहोत, आता ते बंद करायला काही कारण दिसत नाही. आपण देवाच्या अधीन झालो, कोणा माणसाच्या नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत कायम राहिली. ज्यांचे अन्न खात होत्या, ज्यांच्यावर त्यांचे प्रेमही होते, त्यांना हे तोंडावर सांगायला धैर्य लागते. नोकरीत साहेबाला नाही म्हणताना आपली काय अवस्था होते, ते आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

ख्रिस्ती मराठीत अशा आतल्या बोलावण्याला पाचारण म्हणतात. आपण तो शब्द वर्तमानपत्रात वाचतो, अग्निशमन दलाला पाचारण केले वगैरे. अर्थ तोच आहे: कुठेतरी आग आहे आणि तुम्हाला बोलावले आहे. रमाबाईंच्या बाबतीत हे पाचारण एका रात्रीत झाले नाही. डॉक्टरकीचे दार बंद झाले, फुलहॅमला एक घर दिसले, मग चेल्टनहॅमला दोन वर्षे शिकताना आणि वाद घालताना काय करायचे ते हळूहळू स्पष्ट होत गेले. आपल्या देशातल्या विधवांसाठी एक घर काढायचे. तिथे त्या राहतील, शिकतील, आपल्या पायावर उभ्या राहतील.

फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, त्या एका समारंभासाठी. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात ११ मार्चला आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळणार होती. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. हिंदू राहून डॉक्टर झालेली एक, डॉक्टर व्हायला निघून ख्रिस्ती झालेली दुसरी. पुण्यात या दोघींची नावे एकमेकींविरुद्ध घेतली जात असतील, पण त्या दिवशी एक दुसरीचे कौतुक करायला समुद्र ओलांडून आली होती. वर्ष पुरे होण्याआधी, फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या.

रमाबाई अमेरिकेत ठरवल्यापेक्षा खूप जास्त राहिल्या. बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याला महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे संस्था चालवण्याचा खर्च पत्करला. अट एकच: तिथे धर्मशिक्षण द्यायचे नाही. रमाबाईंनी ती मान्य केली. परतताना पॅसिफिक ओलांडून, जपानमार्गे, फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईला उतरल्या. अमेरिकेतले लोकजीवन आणि आपला प्रवास यावर त्यांनी मराठीत एक जाडजूड पुस्तक लिहिले. लोक स्वतःचे राज्य कसे चालवतात, बायका कोणकोणती कामे करतात, शाळा कशा असतात, याचा इतका तपशीलवार हिशेब तेव्हाच्या मराठीत क्वचित सापडेल.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तारीख तीच, आनंदीबाईंच्या पदवीदानाची. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केले, ती आनंदीबाई कर्वे. पुण्याच्या हिंगण्यात कर्व्यांनी जे उभे केले त्याच्या घरातच शारदा सदनाचा धागा आहे. १८९० मध्ये सदन पुण्याला आले. मुंबईहून पुण्याला आलेल्या त्या मुलींनी बोरघाट चढून आल्यावर डब्याच्या खिडकीतून आपला हा मुलूख पाहिला असणार.

सदनात सोवळे पाळायची मोकळीक होती, जेवण ब्राह्मणी पद्धतीचे होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. 'केसरी'ने टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्या पालकांनी मुली विश्वासाने पाठवल्या त्यांची काळजी खोटी म्हणता येत नाही. आणि ज्या बाईने सहा वर्षे भांडून स्वतःचा देव मिळवला, तिने प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्यावे असेही म्हणता येत नाही. एवढे सगळे होऊनही सदन बंद पडले नाही. काही मुली राहिल्या, नव्या आल्या.

याच सुमारास त्यांच्या आत आणखी एक गोष्ट घडत होती. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून आपल्याला भेटलेला नाही. पुढे स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिताना त्यांनी हे मोकळेपणाने मांडले आहे. परदेशात बुद्धीने पटलेली गोष्ट मायदेशी, कामाच्या रगाड्यात, हृदयात उतरली. शिक्षणाचे पुष्कळदा असेच होते. पदवी आधी मिळते, विषय नंतर कळतो.

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुलींची दैना चालली आहे हे कळल्यावर त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली आणि बायकांना घेऊन आल्या. स्वतःच्या आईबापांचे उपासमारीचे मरण त्यांनी पाहिले होते; त्यामुळे त्यांना समजावून सांगायला कोणी लागले नाही. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. ते मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे हजाराहून अधिक बायका-मुली होत्या. शेती, गायी, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना सगळे बायकाच चालवत. अंध मुलींना ब्रेल शिकवत. ज्यांना कुठेही थारा नाही अशा बायकांसाठी वेगळे कृपा सदन होते. फुलहॅमला पाहिलेले घर असे सोळा-सतरा वर्षांनी दौंडच्या माळावर उभे राहिले.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यांना उपलब्ध भाषांतर पंडिती वाटे. चुलीपाशी बसलेल्या बाईला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. त्यासाठी संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी हे सगळे मुक्तीतल्या मुलींनी केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, ज्या मुलीला कडेवर घेऊन त्या बोटीत चढल्या होत्या ती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

मित्रमैत्रिणींनो, सर, बाई, आता आपल्याविषयी थोडेसे. रमाबाईंच्या धर्माविषयी ज्याचे त्याने ठरवावे. मला या चरित्रात एक बाब इंजिनिअरच्या नजरेने दिसते. बाईंना शिकवायचे तर आधी काय लागते, याचे उत्तर सगळे सुधारक पुस्तक आणि शाळा असे देत होते. रमाबाई सहा वर्षे शिकून आल्या आणि त्यांनी आधी राहायला जागा काढली. शारदा सदन ही शाळा होती, पण त्याआधी ते घर होते. डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे जेवण यांची काळजी मिटली की मुलगी शिकते.

आपल्या दहावीच्या वर्गात मुली किती होत्या आणि त्यांतल्या किती बारावीपर्यंत पोहोचल्या, हे बाईंना आठवत असेल. हुशारी कमी नव्हती. नाणे मावळातल्या, डोंगराच्या कुशीतल्या गावांहून येणाऱ्या मुलींना तळेगावला किंवा पुण्याला राहायची सोय नव्हती, संध्याकाळच्या लोकलने उशिरा घरी यायला परवानगी नव्हती, एवढेच. आपली एक मैत्रीण, नाव लिहीत नाही, तिशीच्या आत विधवा झाली. दोन मुले घेऊन माहेरी आली. आपल्याच वर्गातल्या दुसरीने तिला तळेगावात दोन वर्षे आपल्या घरातली एक खोली दिली, भाडे घेतले नाही. त्या दोन वर्षांत ती नर्सिंग शिकली. आज ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि या मेळाव्याला ड्यूटी बदलून येणार आहे.

मेळाव्याच्या निधीतून शाळेला स्वागत कमान बांधायची सूचना आली आहे. कमान छान दिसेल, मी विरोध करत नाही. पण त्याआधी माझा एक ठराव समितीने विचारात घ्यावा. दरवर्षी दहावी झालेल्या एका मुलीचा, जिचे शिक्षण फक्त राहण्याच्या सोयीअभावी थांबते आहे, दोन वर्षांचा वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च आपण उचलावा. मुलगी कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची हे बघू नये. निवड शिक्षकांनी करावी, कारण कोणाच्या घरी काय चालले आहे ते त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असते. पहिल्या वर्षाचा माझा वाटा मी खजिनदारांकडे जमा केला आहे. परदेशातल्या मित्रांनी रक्कम कशी पाठवायची तेही त्यांना विचारून ठेवले आहे. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर यावर बोलू.